सोमवारी या

सँडीफोर्ड, १८ जानेवारी २०२६

प्रिय ओजस,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, मेधाच्या फोनवरूनही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे कागदावर. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

बाबा इथे डब्लिनला, माझ्याकडे आहेत. नाशिकला बाथरूममध्ये पडले आणि डॉक्टरांनी एकट्याने राहायला साफ मनाई केली, तेव्हा मी जाऊन त्यांना घेऊन आले. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे. मार्च संपायच्या आत त्यांना परत जावं लागेल आणि मग त्यांना ठेवून घेईल असं एकच घर उरतं, ते तुझं. एवढंच मागायला लिहितेय. बाकी सगळं पाल्हाळ समज.

तू म्हणशील, ताईला बोलायला काय जातं. खरंच आहे. गुरुनाथकाका गेले ते तुझ्या घरात, त्यांच्या लेकीच्या, मेधाच्या डोळ्यांदेखत. बाबांच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा काकांची निवृत्तीची सगळी पुंजी तिथे अडकली होती आणि ती त्यांनी तिथे ठेवली होती, कारण मॅनेजर, आपले बाबा, त्यांचे व्याही. तेराव्याच्या पंगतीत तू हात धुवायच्या आधी बाबांना विचारलंस, ‘तुम्हाला आधी माहीत होतं ना?’ बाबा पानाकडे बघत राहिले. त्या दिवसापासून तू त्यांच्याशी बोलला नाहीस आणि मी मध्ये पडले म्हणून माझ्याशीही नाही. आठ वर्षं झाली. आपल्या घराण्यात हट्टाला कधी दुष्काळ पडला नाही.

बाबा शांत असतात. खिडकीत बसून लुआसच्या ट्राम बघतात. सानिका शाळेतून आली की ती इंग्रजीत आणि ते मराठीत अशा गप्पा चालतात. माझा नवरोबा इंद्रनील आठवडाभर कॉर्कला, चिपच्या कारखान्यात. शुक्रवारी रात्री येतो. तोवर आम्ही तिघंच.

एक गोष्ट सांगू की नको, असं झालंय. शुक्रवारी दुपारी बाबा कपडे बदलतात. पँट, इस्त्रीचा शर्ट, पायमोजे. चारच्या सुमाराला हॉलमध्ये येऊन बसतात. मग उठून दार उघडतात. पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, खाली कोणी बेल मारली असेल. मी त्यांच्या मागे जाऊन बघितलं. पॅसेज रिकामा. बाबा त्या रिकाम्या पॅसेजला म्हणाले, ‘आज नको. सोमवारी या.’ आणि दार लावून घेतलं.

मी विचारलं, ‘बाबा, कोण होतं?’

‘कोणी नाही. चहा टाकतेस का? दोन कप टाक.’

मला वाटलं, एक माझा. माझा नव्हता.

तुझी,
ताई


सँडीफोर्ड, १ फेब्रुवारी

ओजस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे निदान पेटीत पडलं असेल.

मी इथे नेमकं काय करते, हे तुला कधी धड सांगितलंच नाही. बँका बुडतात तेव्हाची तयारी करते. हसू नकोस. बाबांच्या पोरीने दुसरं काय करायचं? युरोपात बँकेला एका देशात परवाना मिळाला की ती सगळ्या देशांत दुकान मांडू शकते. नियम एक, देखरेख जवळपास एक, बाजार एक करायचाच, अशी भाषणं रोजची. पण बँक बुडाली तर ठेवीदारांचे पैसे कोणी द्यायचे, यावर वर्षानुवर्षं खलबतं चालू आहेत. बारसं सगळ्यांनी मिळून करायचं, तेरावं मात्र ज्याचं त्याने. तर त्या तेराव्याची तयारी आमची कंपनी करते. कोणाला किती द्यायचे, कोणत्या खात्यातून, सोमवारी सकाळी लोकांना काय सांगायचं.

बँक बुडते ती नेहमी शुक्रवारी. म्हणजे ती आधीच बुडालेली असते, पण कुलूप लावायचं शुक्रवारी, बाजार बंद झाल्यावर. मग तयारीला शनिवार-रविवार मिळतो, जाहीर सोमवारी सकाळी. ज्या मोजक्या लोकांना आधी कळवलेलं असतं त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची. नवऱ्यालासुद्धा नाही सांगायचं. आणि वागायचं अगदी नेहमीसारखं. आमचा डेक्लन नव्या माणसांना शिकवतो, की डेंटिस्टची वेळ असेल तर डेंटिस्टकडे जा, वाढदिवस असेल तर केक काप. त्या वीकेंडला गाड्यासुद्धा ऑफिससमोर लावत नाहीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला शंका यायला नको म्हणून. मी आजवर फक्त रंगीत तालमी केल्यात. खरा शुक्रवार अजून आलेला नाही.

हे बाबांना जेवताना सांगितलं. एरवी बँकेचा विषय निघाला की ते उठून जातात. त्या दिवशी बसून राहिले.

‘ज्यांना माहीत असतं,’ त्यांनी विचारलं, ‘ते शुक्रवारी दिवसभर काय करतात?’

‘नेहमीचं काम. तोच तर नियम.’

‘इथेही तसंच का,’ म्हणाले आणि ताटातला भात चिवडत राहिले.

त्यांच्या शुक्रवारबद्दल सानिकाला मी काही बोलले नव्हते. नऊ वर्षांची पोर, उगाच घाबरेल. परवा दार लावून बाबा आत गेले, तेव्हा ती सोफ्यावर बसून होमवर्क करत होती. मी सहज म्हटलं, आजोबांना भास होतात हं कधीकधी. तिने वहीतून डोकंही वर केलं नाही.

‘ही इज ग्रँड, ममा. ही जस्ट वोंट सिट.’

ग्रँड म्हणजे इथे ठीकठाक. पण कोण बसत नाही, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. पोरं ऐकलेलं बोलतात, आजोबांकडूनच काहीतरी ऐकलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. आणि भांडी घासायला घेतली. मशीन असताना.

ताई


सँडीफोर्ड, १५ फेब्रुवारी

ओजस,

आज ऊन होतं, म्हणून बाबांना घेऊन डून लेरीला गेले. समुद्रात लांब गेलेला धक्का आहे, रविवारी अख्खं डब्लिन तिथे आइस्क्रीम खात फिरतं, थंडी असली तरी. नावनहून शर्वाणी आणि जयेश आले होते. शर्वाणी तिथल्या हॉस्पिटलात नर्स, जयेश मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात. इथे आले तेव्हा मला कुत्रंही ओळखत नव्हतं. या शर्वाणीने सानिकाच्या वेळी मला महिनाभर डबा पोचवला. सख्खी बहीण असती तर तीच.

नागपूरचा फ्लॅट विकून त्यांनी पैसे आणलेत. नावनला घर ठरलंय, किल्ली मिळायला अजून महिना. तोवर पैसे कुठे ठेवायचे, याची चर्चा. इथल्या मराठी लोकांत सध्या एका परदेशी ॲपवाल्या बँकेचं वेड आहे. व्याज चांगलं, शाखा नाही, सगळं फोनवर. शर्वाणी म्हणाली, ‘तू बँकवाली ना, तू सांग. ठेवू का तिथे?’

मी नेहमीचं उत्तर दिलं. एक लाख युरोपर्यंत हमी असते, त्यावर नाही, एवढं बघ. ती म्हणाली, अगं महिन्याचा तर प्रश्न आहे, एका महिन्यात काय बँक पळून जाते का! मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. ही तारीख लक्षात ठेव, मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं.

बाबा थकले तेव्हा बाकावर बसले. बाक मोठा होता. ते अगदी कडेला सरकून बसले, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. जयेश तिथे टेकायला गेला तर म्हणाले, ‘तिथे नको हं.’ जयेश बिचारा हसून उभा राहिला. बाबा त्या जागेकडे बघून एकदाच म्हणाले, ‘बसा की.’

मेधाला सांग, मला तिच्या वडिलांची खूप आठवण येते. तुमच्या लग्नात त्यांनी माझ्या हातावर गजरा ठेवून म्हटलं होतं, आमची एक तुम्हाला दिली, तुमची एक आम्हाला द्या. मी कशी विसरेन?

ताई


सँडीफोर्ड, ३ मार्च

ओजस,

चारच ओळी लिहिते. गेला आठवडा गडबडीचा होता. मी थोडी सुट्टी घेतलीय. इथल्या एका बँकेची बातमी कदाचित तुझ्यापर्यंत आली असेल, नसेलही.

बाबा बरे आहेत. खरं तर खूपच बरे आहेत. शुक्रवारी दार उघडलं नाही.

रविवारी सकाळी सानिका दूध-सीरियल खाताना म्हणाली, ‘ही सॅट डाउन, ममा. ही हॅड द टी.’ शुक्रवारचे दोन कप मीच विसळले होते. दोन्ही रिकामे होते, पण ते मी किंवा बाबांनी संपवले असतील. मी आठवायचा प्रयत्न करत नाही.

तिकीट काढलंय. सव्वीस मार्चला इथून निघतील, मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्याला. पत्ता तुझा दिलाय.

ताई


सँडीफोर्ड, १० मार्च

ओजस,

सुट्टी घेतलेली नाही. मला घरी बसवलंय. चौकशी चालू आहे. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, कारण तुझ्याकडून ‘बाप तशी लेक’ हे ऐकायची तयारी नव्हती. आता आहे.

खरा शुक्रवार आला. गुरुवारी दुपारी डेक्लनने मला खोलीत बोलावून दार लावलं आणि बँकेचं नाव सांगितलं. ॲपवाली. सह्या केल्या, फोनवर काही बोलायचं नाही असं कबूल केलं, घरी आले आणि नेहमीसारखी वागले. ताकास तूर लागू दिली नाही. शुक्रवारी घरून काम केलं, संध्याकाळी ऑफिसला जाऊन थेट रविवारपर्यंत तिथेच राहायचं होतं. निघायच्या आधी सानिकासाठी पराठे करून ठेवावेत म्हणून कणीक मळायला घेतली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, सानिका रंगवत होती. चार वाजत आले होते.

फोन वाजला. हात कणकेत, म्हणून सानिकाने स्पीकरवर लावला. शर्वाणी होती.

‘ऐक ना, पैसे त्या ॲपमध्ये टाकतेय, मोठी रक्कम म्हणून ते परत विचारतंय, कन्फर्म करू का. बोट ठेवलंय बघ बटणावर. आत्ता मारू की सोमवारी? आत्ता मारलं तर वीकेंडचं व्याज मिळेल यार.’

ओजस, मी गप्प राहू शकले असते, असं तुला वाटेल. नाही राहता येत. गप्प राहणं हेसुद्धा सांगणंच असतं. नेहमीसारखं वागायचं तर नेहमीचं उत्तर द्यावं लागतं. आणि हमीचं आधीच सांगून झालं होतं, तेव्हा नेहमीचं उत्तर उरलं होतं, ‘मार की, विचारतेस काय.’ हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी तेच म्हणणार होते. जिने मला महिनाभर डबा दिला तिला मी, कणीक मळता मळता, हसऱ्या आवाजात, बुडवणार होते. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती आणि तरीही मी तोंड उघडलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना एका अक्षराने काही सांगितलं नव्हतं, सानिकाची शपथ. ते उठले, फोनजवळ आले आणि म्हणाले, ‘शर्वाणी, पद्माकर बोलतोय. आज नको गं बाळा. सोमवारी कर.’

‘का हो काका?’

‘म्हाताऱ्याचं ऐक. शुक्रवार आहे. सोमवारी कर.’

ती हसली. म्हणाली, बरं बाई, तुमचा मान, काका. आणि फोन ठेवला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते जाऊन सोफ्यावर बसले, नेहमीप्रमाणे कडेला सरकून. सानिकाने दोन कप मागितले, ते मी दिले. मग मी ओट्याखाली जमिनीवर बसले, हात कणकेचेच.

तिथे, जमिनीवर, मी बाबांना तुझा प्रश्न विचारला. तुम्हाला आधी माहीत होतं?

‘होतं,’ म्हणाले.

तर ऐक. त्याही वेळी गुरुवारी साहेब लोक आले होते. बाबांना सांगितलं, उद्या काउंटर नेहमीसारखं चालू ठेवा, कोणाला संशय येता कामा नये. शुक्रवारी चारच्या सुमाराला गुरुनाथकाका चेक घेऊन आले. रांगेत नाही, थेट केबिनमध्ये, व्याही ना. बाबांनी चहा मागवला, बसा म्हटलं. काका म्हणाले, बसत नाही, घाई आहे, तेवढा चेक घ्या. बाबा म्हणतात, मशीन बंद आहे, सोमवारी या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. खोटंही कोणाला कळलं नसतं. पण समोर शिपाई, बाजूला साहेब, आणि व्याह्यांना परत पाठवायचं म्हणजे त्यांचा अपमान. त्यांनी चेक घेतला आणि हसून पावती दिली. काका उभ्या उभ्या गेले. चहा निवून गेला.

‘तेराव्याला ओजसने विचारलं,’ बाबा म्हणाले, ‘तेव्हा हो म्हणायला हवं होतं. पण हो म्हटलं तर तो पुढे विचारेल, मग सांगितलं का नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कौमुदी. अजून नाही.’

शनिवारी सकाळी मी डेक्लनला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. बाबा म्हणालेही, मी बोललो, तू नाहीस. पण मला अजून एक दार आयुष्यभर उघडायचं नव्हतं. डेक्लनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे, पण आता तू घरी जा.

सोमवारी बातमी फुटली. लाखापर्यंतच्या ठेवी परत मिळतील. त्यावरच्या रकमेचं काय, ते दोन देशांच्या वकिलांना माहीत. शर्वाणीचा फोन आला, पैसे वाचले म्हणून नुसती रडत होती. आमच्या घरून कसं थांबवलं, ते तिने विश्वासाने चार जणींना सांगितलं, त्या चार जणींनी ग्रुपवर. आता नावनपासून सँडीफोर्डपर्यंत एकच चर्चा, कौमुदीने मैत्रिणीला वाचवलं, आम्हाला नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वरांगी म्हणून एक आहे, दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची. तिचे आई-वडिलांच्या उपचाराचे पैसे अडकलेत. ती दुकानात समोर आली आणि माझ्यातून आरपार बघत निघून गेली. ती चुकली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

बघ ना, बाबांनी आपल्या माणसालाही सांगितलं नाही म्हणून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. मी आपल्या माणसाला सांगितलं म्हणून माझ्याशी कोणी बोलत नाही.

ताई


सँडीफोर्ड, १८ मार्च, कुरियरने

प्रिय ओजस,

उद्या पाडवा. गुढी बाल्कनीत उभारायची म्हटलं तर वारा तिला थेट वेल्सला नेईल, म्हणून हॉलमध्येच. बाबांनी सानिकाला कडुलिंब नाही म्हणून कार्ल्याची फोड खायला लावायचं ठरवलंय. दोन बॅगा भरून तयार आहेत, एक बाबांची आणि एक तिने त्यांना दिलेल्या खेळण्यांची.

चौकशीचं काय होईल ते होवो. नोकरी बहुतेक जाईल. ते तुला सांगून तुझ्या मनात दया उत्पन्न करायची नाहीये.

तुला हे सांगायचंय की शुक्रवार संपलेला नाही. मला वाटलं होतं, संपला. परवाच्या शुक्रवारी बाबा दुपारीच झोपले, घोरत होते, आठ वर्षांत पहिल्यांदा इतकी गाढ झोप. आणि चारच्या सुमाराला बेल वाजली. मी ऐकली. लुआसची घंटा नव्हती, मला तिचा आवाज पाठ आहे. सानिका रंग खाली ठेवून म्हणाली, ‘दॅट्स नॉट फॉर आजोबा. दॅट्स फॉर यू.’

मी दार उघडलं. पॅसेज रिकामा होता. पण मला कळलं, कोण कोण उभं आहे ते: ज्यांना ‘आज नको’ म्हणायला कोणी नव्हतं ते सगळे. सोमवारी या, असं म्हणायची वेळ निघून गेली होती. मी दार उघडं ठेवलं, बाजूला झाले आणि इंद्रनील येईपर्यंत तसंच ठेवलं. घर गारठलं. दुसरं काय करता येतं?

बाबा इतकी वर्षं उलटं करत होते, हे मला तेव्हा उमगलं. त्यांनी काकांना दर शुक्रवारी परत पाठवलं, पैसे वाचावेत म्हणून. काका दर शुक्रवारी परत आले, कारण त्यांना पैसे नको होते. त्यांना तो चहा हवा होता, बसून. निदान मी तरी असं मानते.

मेधाला हे पत्र वाचायला दे. तिला सांग, तिच्या वडिलांना फसवणारा माणूस तिच्या दारात येतोय, हे खरं आहे. त्यांना माहीत होतं, हेही खरं आहे. ती काय बोलेल ते ऐकून घ्यायला ते तयार आहेत. मी त्यांना विचारलं, बाबा, ओजसने दार नाही उघडलं तर? म्हणाले, ‘उभा राहीन थोडा वेळ. मग खाली जिन्यात बसेन.’ आणि इतक्या सहज म्हणाले की मला त्या पॅसेजची आठवण झाली.

सत्तावीसला पोचतील. मी कॅलेंडर बघून तिकीट काढलं नव्हतं, स्वस्त मिळालं तेव्हा काढलं. मग बघितलं. शुक्रवार आहे. मुंबईहून टॅक्सी, घाट, वाहतूक धरली तर तुझ्या दारात चारच्या सुमाराला.

बेल वाजेल. समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा माणूस उभा असेल. खराखुरा, हात लावून बघ हवं तर. त्याला आत घे, बस म्हण आणि चहा निवायच्या आत जे विचारायचं ते विचार. या वेळी तो हो म्हणेल.

फक्त त्याला सोमवारी या, असं म्हणू नकोस.

तुझी,
ताई